पंचांची घरपाहणी

नागपुरात लोक मुलगी दाखवतात, प्लॉट दाखवतात, उन्हाळ्याच्या तोंडावर नवा कूलर आणला तर शेजाऱ्यांना बोलावून तोही दाखवतात. आमच्या चर्चमध्ये बाप दाखवायची पद्धत होती. ज्याला मंडळीचा पंच व्हायचं असेल त्याच्या घरी जुने तीन पंच ठरलेल्या दिवशी येत, बैठकीत बसत, चहा घेत, इकडेतिकडे बघत, आणि हा मनुष्य देवाच्या घराचा कारभार पाहण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे त्याच्या स्वतःच्या घराच्या कारभारावरून ठरवत. याला घरपाहणी म्हणायचे.

कल्पना मुळात वाईट नव्हती. फार वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या मिशनऱ्यानं ती काढली म्हणे. व्यासपीठावर सगळेच संत असतात, खरा माणूस घरी चपला काढल्यावर दिसतो, असं त्याचं मत. तो साहेब न सांगता, भर दुपारी, सायकलवरून कुणाच्याही दारात जाऊन उभा राहायचा. पुढे साहेब आपल्या देशी गेला. पद्धत मागे राहिली, फक्त तिच्यातलं ते न सांगता येणं तेवढं साहेबाबरोबर बोटीत बसून गेलं. सत्तरच्या दशकात आमच्या वेळेला घरपाहणीची तारीख दोन रविवार आधी उपासनेतच जाहीर व्हायची. म्हणजे उमेदवाराला धार्मिक व्हायला पंधरा दिवसांची मुदत मिळायची. त्यात भिंतींना चुना लागायचा आणि सिनेमातल्या बाईचं कॅलेंडर उतरायचं.

मंडळीच्या पुढाऱ्यात कुठले गुण असावेत हे पवित्र शास्त्रात स्पष्ट सांगितलं आहे. तो दारूबाज नसावा, भांडखोर नसावा, पाहुणचार करणारा असावा, त्याला शिकवता यावं, आणि त्याची मुलंबाळं त्याच्या आज्ञेत असावीत. आमचे पंच या कसोटीला उतरलेलेच होते. मोठे पंच निवृत्त हेडमास्तर. त्यांना शिकवता येत होतं, थांबता येत नव्हतं. मे महिन्यातही काळा कोट घालून प्रार्थनेला उभे राहिले की ते आधी राष्ट्रपतींपासून सुरुवात करत, मग राज्यपाल, मग कलेक्टर, आणि आजारी माणसांपर्यंत येईतो एखादा आजारी बरा झालेला असे. दुसरे पंच कोर्टात कारकून होते. ते अजिबात भांडखोर नव्हते. कुंपणाच्या भिंतीच्या वादावरून त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणंच टाकलं होतं, त्यामुळे भांडणाचा प्रश्न येत नव्हता. तिसरे पंच दारूला शिवत नसत. त्यांना डॉक्टरांनी टॉनिक दिलं होतं आणि ते त्यांना संध्याकाळीच मानवायचं.

आता माझ्या बाबांना या लोकांत जाऊन बसायची एवढी ओढ का होती, हे सांगायला हवं. नाहीतर ते फक्त हसण्यापुरते उरतील, आणि तसे ते नव्हते.

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. माणूस सरळ, कष्टाळू, चर्चच्या प्रत्येक कामात पुढे. कापणीच्या सणाला भोपळे उचलायला बाबा, नाताळात शिडीवर चढून तारा लावायला बाबा, मयत झालं की कब्रस्तानात आधी जाऊन खड्डा बघायला बाबा. पण पंचांची नावं वाचायची वेळ आली की ती मोठ्या पंचांच्या भाच्या-पुतण्यांची. कारण आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो दुष्काळात. मिशननं तेव्हा खिचडीचं केंद्र उघडलं होतं. मोठ्या पंचांच्या घराण्यानं घेतला तो त्याच्या आधी, भरल्या पोटी. त्यामुळे आमच्या चर्चमध्ये, जिथे दर रविवारी देवापुढे सगळे सारखे असं सांगितलं जाई, तिथे लोकांचे दोन वर्ग होते. विश्वासानं आलेले आणि खिचडीनं आलेले. कुणी तोंडावर म्हणत नसे. सणाच्या जेवणात बाबांनी दुसऱ्यांदा भात घेतला की मात्र कुणीतरी हटकून म्हणायचं, "घ्या घ्या, तुमच्याकडे भाताची परंपरा आहे." बाबा हसायचे. घरी येऊन गप्प बसायचे. मला तेव्हाही त्या माणसांचा संताप यायचा आणि आजही येतो.

तर पंच होणं म्हणजे बाबांच्या लेखी ती खिचडी एकदाची पुसून टाकणं होतं. बाबांच्या नावाला या वेळी पाळकसाहेबांचाही पाठिंबा होता. अडचण एकच होती. माझा मोठा भाऊ.

दादा बाविशीतला. मॅट्रिकनंतर शिक्षणात मन रमलं नाही, पण हातात सूर होता. चर्चमधली जुनी पायपेटी, जिच्या भात्याला उंदरांनी तीनदा भोकं पाडली होती, ती दादा असा वाजवायचा की मोठ्या पंचांच्या प्रार्थनेनं झोपलेली माणसं जागी व्हायची. आणि बाकीचे दिवस तो ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायचा. गणपतीत, शारदोत्सवात, लग्नात, जिथे बोलावतील तिथे. सिनेमाची गाणी.

एका गणपतीत तिसऱ्या पंचांनी त्याला इतवारीतल्या स्टेजवर बघितलं. ते कापड घ्यायला गेले होते. तो आपल्याच मंडळीतला मुलगा आहे का, याची खात्री करून घ्यावी म्हणून ते उभे राहिले, आणि खात्री पटायला त्यांना कार्यक्रम संपेपर्यंत वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळीला माहीत झालं की अमक्याचा मुलगा मूर्तीपुढे वाजवतो. कुठली गाणी वाजवली हेही तिसऱ्या पंचांनी क्रमवार सांगितलं.

पण मंडळीची गंमत अशी की रविवारी पेटी वाजवायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे दादाला काढूनही टाकता येईना. त्यानं देवासाठी वाजवावं, फक्त कुणाच्या घरचा म्हणून वाजवू नये, असा काहीसा मार्ग काढायला हवा होता. तो मोठ्या पंचांनी काढला.

तारीख जाहीर झाल्यावर ते एका संध्याकाळी आमच्या घरी आले. एकटेच. पाहणीला नव्हे, सल्ला द्यायला. खुर्चीत बसून आधी ते शास्त्राच्या मराठीत बोलले. "बंधू, ज्याला स्वतःच्या गृहाचा कारभार चालवता येत नाही, तो देवाच्या मंडळीची काळजी कशी वाहील?" बाबांनी मान खाली घातली. मग चहाचा कप संपवून, दाराकडे एकदा बघून, ते साध्या भाषेवर उतरले.

"हे पाहा गा. शास्त्र काय म्हनते? घरचा कारभार. घरचा. जो घरातच नाई, त्याचा कारभार तुमच्या अंगावर कसा येईन?"

बाबांना आधी समजलं नाही. मग समजलं. आई आतून पदराला हात पुसत आली होती, तिला बाबांच्या आधीच समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा दादाला म्हणाले, "पंधराच दिवसांची गोष्ट हाये. तू मित्राकडे राहा नं गा. पाहनी झाली का ये वापस."

दादा हसला. त्याला सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं, हा त्याचा दोष म्हणा की गुण. "पंधरा दिवसांत तुमी देवमानूस होऊन राह्यले तर मी कायले आड येऊ, बाबा?" असं म्हणून तो ॲकॉर्डियनची पेटी आणि एक ट्रंक घेऊन इतवारीत गेला. तिथे भांड्याच्या एका दुकानावर माडीत खोली मिळाली. आईनं लोणच्याची बरणी दिली आणि वर म्हणाली, "पुरवून खाजो." पंधरा दिवसांना एवढी मोठी बरणी तिनं का दिली, ते तिलाच ठाऊक.

मग घरपाहणीची तयारी. बाबांचं बायबल रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालेलं, सोनेरी कडांचं, इतकं नवं की पानं एकमेकांना चिकटलेली. आईचं वापरून वापरून दोऱ्यानं बांधलेलं, ते बाबांना दाखवण्याजोगं वाटेना. तेव्हा सगळे उमेदवार करत तेच बाबांनी केलं. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे बरोबर हवं तसं बायबल होतं. जिल्द शाबूत, पानं मात्र बोटांनी पिवळी झालेली, ओळींखाली शिसपेन्सिलीच्या रेघा. ते दर निवडणुकीला एका उमेदवाराच्या घरून दुसऱ्याच्या घरी फिरायचं. आमच्याकडे आलं तेव्हा मी त्यात मुद्दाम आणखी एक रेघ ओढली.

शेजारी एक बौद्ध कुटुंब होतं. तिथल्या काकूंनी आमचं चुना लावणं, पडदे धुणं, माझी वेणी घालणं बघितलं आणि कुंपणावरून आईला हाक मारली. "काहून वं, पोरीले पाहाले येऊन राह्यले काय?"

"नाई वं," आई बाबांकडे बोट करून म्हणाली. "याईले पाहाले येऊन राह्यले."

"याईले? या वयात?"

आईला हसू आवरेना. त्या पंधरवड्यात ती तेवढीच एकदा हसली.

पंच आले. पोहे झाले. मी एक स्तोत्र पाठ म्हणून दाखवलं. मोठ्या पंचांनी तिपाईवरचं बायबल उघडलं तर त्यात त्यांचाच चष्मा पुसायचा रुमाल निघाला, आदल्या आठवड्यात दुसऱ्या उमेदवाराच्या घरी राहिलेला. त्यांनी तो शांतपणे खिशात घातला आणि म्हणाले, "ग्रंथ नित्य वाचनात दिसतो." बाबा म्हणाले, "होय साहेब."

शेवटी पद्धतीप्रमाणे बायकोला बोलावून एकच प्रश्न विचारायचा. तो मिशनऱ्याच्या वेळेपासून ठरलेला होता: तुमचे यजमान घराचा कारभार नीट चालवतात का? मिशनरी हा प्रश्न म्हणे नवऱ्याला बाहेर पाठवून विचारायचा. आमच्या पंचांना ते असभ्य वाटे. नवरा समोर, तीन पंच समोर, हातात पोह्यांच्या रिकाम्या बशा, आणि बाई पदर सावरत उत्तर देणार. आमच्या चर्चच्या इतिहासात या प्रश्नाला एकाही बाईनं "नाही" म्हटलं नव्हतं. ज्यांच्या घरातून रात्री भांडी आपटल्याचे आवाज यायचे त्यांनीही नाही. आई "हो जी" म्हणाली आणि बशा घेऊन आत गेली.

बाबा पंच झाले. ज्या दिवशी पाळकसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून अर्पणविधी केला त्या दिवशी बाबांनी काळा कोट शिवून घेतला होता, आणि पेटीवर दादा होता. गीत फार सुंदर वाजलं. बाबांचे डोळे भरून आले. उपासना संपल्यावर आम्ही तिघं घरी आलो आणि तो इतवारीत गेला.

त्यानं परत यायचं होतं. खरोखरच यायचं होतं, यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण बाबा म्हणाले, "आत्ताच आला तर लोक म्हनतीन, पाहनीपुरता काढला होता." लोक तसं म्हणाले असते कारण ते तसंच होतं. म्हणून नाताळपर्यंत थांबायचं ठरलं. नाताळात मोठे पंच म्हणाले, नवीन पंचांवर सगळ्यांची नजर असते. म्हणून ईस्टरपर्यंत. ईस्टरनंतर उन्हाळा, उन्हाळ्यात एवढ्याशा घरात चौघांनी झोपायचं कुठे, असं बाबा स्वतःच म्हणाले. त्याच घरात आम्ही चौघं पंधरा वर्षं झोपत होतो. पुढे मग ते थांबण्याची कारणं सांगायचेही थांबले, आणि दादा विचारायचा थांबला.

दर रविवारी तो पेटीवर असायचा. बाबा अर्पणाची थैली फिरवत त्याच्या बाकापाशी जायचे, तो एका हातानं सूर धरून दुसऱ्या हातानं त्यात काहीतरी टाकायचा. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. मी उपासनेनंतर फाटकाबाहेर त्याला आईनं दिलेला डबा द्यायची. तो म्हणायचा, "पंचाईन बाईले सांग, भाजीत मीठ बराबर होतं." मला हसू यायचं, पण ते फार वेळ टिकायचं नाही.

मग एका रविवारी पेटीवर मोठ्या पंचांची मुलगी बसली. ती एका बोटानं वाजवायची. दादा कुठे आहे असं कुणी विचारलं नाही. बाबांनीसुद्धा नाही. थैली फिरवताना ते नुसत्या सवयीनं त्या बाकापाशी क्षणभर थांबले आणि मग पुढे गेले. डबा घेऊन मी घरी आले. आईनं तो उघडला नाही, तसाच शेजारच्या काकूंकडे दिला.

बाबा पंच म्हणून चांगले होते, हे मला मान्य करावंच लागेल. ते दुखल्याखुपल्याला धावत. पण काळ्या कोटाचा काहीतरी गुण असावा. हळूहळू त्यांची प्रार्थनाही राज्यपालांपर्यंत जायला लागली. घरात ते कमी बोलू लागले आणि बोलले तर शास्त्राच्या मराठीत. एकदा आईला म्हणाले, "आज भोजनास विलंब का?" आईनं ताट आपटलं नाही. फक्त म्हणाली, "काहून म्हना नं. विलंब कायले म्हनता?" एका निवडणुकीत तर ते स्वतः कुणाच्या तरी घरपाहणीला गेले आणि पाठ केलेलं स्तोत्र ऐकून आले. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या उमेदवाराचा मुलगा काय करतो, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "त्याला मूल नाही. घर फार शिस्तीचं आहे."

तीन वर्षांनी बाबांची मुदत संपली. पुन्हा उभं राहायचं तर पुन्हा घरपाहणी. या वेळी चुना लावला नाही, पंचाच्या घराला काय बघायचं. बायबल मात्र तेच आलं. शेवटी आईला बोलावलं. ती आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मोठ्या पंचांनी डोळे अर्धवट मिटून तोच प्रश्न विचारला.

"कारभार चांगलाच हाये जी," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारभाव सांगावा तसा. "कोनाचा आवाज नाई. कोनाचं भांडन नाई. घरात गानं नाई, बजावनं नाई. एक लेक होता, तोई घरात नाई. आता ही पोरगी लग्न होऊन गेली का मंग कायचाच तरास नाई. याहून चांगला कारभार कसा राहाते?"

बाबांचा चेहरा पांढरा पडला. मी पंचांकडे बघितलं. आता काहीतरी होईल, कुणीतरी उठेल, कुणाला तरी लाज वाटेल.

मोठ्या पंचांनी डोळे पूर्ण मिटले आणि म्हणाले, "आमेन."

दुसरे पंचही म्हणाले, आमेन. तिसऱ्यांनी पोहे संपवले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. बाईनं कारभार चांगला आहे म्हटलं, पुढचं तिचं आपलं बायकी बोलणं. जाताना मोठे पंच फाटकाशी बाबांना म्हणाले की अशी कृतज्ञ पत्नी मिळणं ही देवाची देणगी आहे.

बाबा त्या दिवशी जेवले, पण ताटाकडे बघत जेवले. आई नेहमीसारखी वाढत होती.

रविवारी निवड जाहीर झाली. बाबा एकमतानं पुन्हा पंच. लोक हात मिळवायला आले. ते सगळ्यांशी हात मिळवून बाहेर पडले आणि घराच्या रस्त्याला न वळता मला म्हणाले, "चल, इतवारीत जाऊन येऊ." कोट अंगात, टाय गळ्यात. वाटेत त्यांनी एका दुकानातून पावभर संत्राबर्फी घेतली. दादाला ती आवडत नसे. बाबांना ते आठवत नव्हतं आणि माझ्याच्यानं सांगवेना.

इतवारीत रविवारचाही गजबजाट होता. हातठेल्यांतून वाट काढत आम्ही भांड्याच्या दुकानाशी आलो. जिना इतका अरुंद की बाबांना आडवं होऊन चढावं लागलं. वर दादाच्या खोलीत घरमालक बसले होते, खालच्या दुकानाचेच, बनियनवर, पानाचा डबा पुढ्यात. दादा ॲकॉर्डियनचा भाता डकवत होता. त्यानं वर बघितलं. चर्चमधली पेटी सोडल्यापासून तो जरा जाडावला होता. मिशी ठेवली होती.

घरमालक कोट-टाय बघून उठून उभे राहिले. "कोन जी हे?"

दादानं हातातलं काम बाजूला ठेवलं, खुर्ची झटकली आणि बाबांपुढे केली. "हे आमच्या चर्चमंधले पंच हायेत," तो म्हणाला. "लय मोठे मानूस."

त्याच्या आवाजात चिडवणं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं. मी बाबांकडे बघितलं. आता ते म्हणतील, मी याचा बाप. एवढंसं वाक्य. बाबा खुर्चीत बसले. बर्फीचा पुडा मांडीवर.

घरमालकांनी खालून चहा मागवला. अशा थोर माणसाशी काय बोलावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी कुणीही विचारेल तेच विचारलं. "तुमाले लेकरं किती जी?"

"दोन," बाबा म्हणाले. "ही मुलगी. हिच्या आधीचा मुलगा."

"मुलगा काय करते?"

"बाजा वाजवते." फार दिवसांनी बाबांच्या तोंडून मी त्यांची स्वतःची भाषा ऐकली.

घरमालक खूश झाले. दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घ्या! तुमच्याच धंद्यातला निंगाला."

दादा भात्यावर डिंक लावत होता. त्यानं मान वर केली नाही. पाहुण्याला विचारतात तसं, अगदी अदबीनं विचारलं, "मंग तुमच्यापाशीच राहाते का तो?"

चहा आला. बाबांनी बर्फीचा पुडा खाली ठेवून कपबशी घेतली. खाली कुणीतरी पितळी घागरीवर ठोके देत होतं. मला वाटलं, बाबा आता शास्त्राच्या मराठीत काहीतरी सांगतील, आणि मी त्यांना आयुष्यभर क्षमा करणार नाही.

"नाई," बाबा म्हणाले. "तो येत होता. मीच नाई येऊ देल्लं."

घरमालक गडबडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पानाला चुना लावायला लागले. दादानं डिंकाची काडी खाली ठेवली. मग म्हणाला, "मंग तुमी पक्के पंच असान जी. चहा घ्या, निवून राह्यला."

बाबांनी मान हलवली आणि चहा घेतला, कोटाच्या आधीच्या दिवसांसारखा बशीत ओतून, पूर्ण.